एक दुर्लक्षित बोलपट : ‘अस्तु’

सायंकाळची वेळ होते, दिवे लागतात, आणि घरातील वृद्ध गृहस्थ उंबरठ्याशी येऊन म्हणतात, “मला आता माझ्या घरी नेऊन सोडा.” ज्या घराच्या भिंती त्यांनी आपल्या कष्टाच्या पैशातून उभ्या केल्या, त्याच घरात उभे राहून ते घर मागतात! सून म्हणते, “मामा, हेच तुमचे घर.” ते ऐकतात, मान डोलावतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारतात. मुलगा दिवसभराच्या कामाने थकून आलेला असतो. तो एकदा सांगतो, दोनदा सांगतो आणि तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढतो. शेजारी म्हणतात, “म्हातारपण झाले, चालावयाचेच.” कोणी म्हणते, “मुद्दाम करतात.” कोणी हळूच बाहेरच्या बाधेची गोष्ट काढते.

असे प्रसंग आपल्या गावोगावी घडत असतात. तथापि त्यांविषयी चारचौघांत फारसे बोलले जात नाही. ताप आला, पाय मोडला, तर समाचाराला माणसे येतात. पण घरातील वडीलधाऱ्या माणसाला आपल्या मुलाचे नाव आठवेनासे झाले, ही गोष्ट लोक दाराआड ठेवतात. त्यात लाज असते, भीती असते, आणि ‘आता करावयाचे तरी काय?’ या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसते.

या झाकून ठेवलेल्या दुःखावर मराठीत एक उत्तम बोलपट निघालेला आहे. त्याचे नाव ‘अस्तु’. तो २०१३ साली तयार झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीने त्याचे दिग्दर्शन केले. त्याला राष्ट्रीय पारितोषिके मिळाली, जाणकारांनी त्याची वाखाणणी केली. परंतु गाजलेल्या बोलपटांची नावे जशी बाजारातल्या पोराच्या तोंडीही असतात, तसे या बोलपटाचे झाले नाही. आमच्या शहापुरात, किंवा निपाणी-खानापूरकडच्या खेड्यांत, दहा माणसांना विचारले तर एकालाही त्याचे नाव ठाऊक असेल की नाही, याची शंकाच आहे. खरे पाहता आम्हा सीमाभागातील माणसांना हा बोलपट इतरांहून अधिक जवळचा वाटावा, असे त्यात काही आहे. ते काय, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पंडित आणि हत्ती

कथा साधी आहे. डॉक्टर चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे विद्वान. सारे आयुष्य ग्रंथांत गेलेले. शब्दाची व्युत्पत्ती सांगावी ती त्यांनी, श्लोकाचा अर्थ उलगडावा तो त्यांनी. अशा माणसाला उतारवयात स्मृतिभ्रंशाचा विकार जडतो. आधी लहानसहान गोष्टी हातून निसटतात, मग नावे, मग चेहरे. ज्या बुद्धीवर त्यांचे अवघे मोठेपण उभे होते, तिलाच वाळवी लागावी, असा हा प्रकार. हळूहळू ते लहान मुलासारखे होत जातात. हट्ट करतात, रुसतात, क्षुल्लक गोष्टीने हरखून जातात.

एके दिवशी त्यांची मुलगी इरा त्यांना मोटारीतून बाहेर घेऊन जाते. वाटेत त्यांना हत्ती दिसतो. शहराच्या रस्त्यावरून माहुताबरोबर डुलत चाललेला हत्ती पाहून हे पंडित एखाद्या बालकासारखे मोहून जातात. मुलगी काही कामासाठी थोडा वेळ मोटारीपासून दूर होते, आणि तेवढ्यात ते उतरून हत्तीच्या मागोमाग चालू लागतात. मुलगी परत येऊन पाहते तो गाडी रिकामी!

येथून कथेच्या दोन वाटा होतात. एका वाटेने इरा आणि तिचा नवरा माधव वडिलांना शोधीत हिंडतात. त्या धावपळीतच आपल्याला या कुटुंबाचा मागचा काळ कळत जातो. वडील पूर्वी कसे होते, मुलींशी त्यांचे नाते कसे होते, आजार कसा आला आणि त्याने घराची घडी कशी विस्कटली, हे सारे तुकड्यातुकड्यांनी समोर येते. दुसऱ्या वाटेने शास्त्रीबुवा हत्तीच्या मागे जात जात माहुताच्या बिऱ्हाडी पोचतात. तेथे त्यांना भेटते माहुताची बायको, चन्नम्मा.

शेवट कसा होतो, हे येथे सांगून वाचकांचा रस घालवीत नाही.

चन्नम्मा

ही चन्नम्मा कानडी बोलणारी आहे. अक्षरशत्रू, गरीब, उघड्यावर संसार मांडलेली, पदरात मूल असलेली. तिच्यापुढे अचानक एक परका म्हातारा येऊन उभा राहतो. त्याला आपले नाव सांगता येत नाही, गाव सांगता येत नाही. तो जे बोलतो ते तिला पुरते कळत नाही. ती जे बोलते ते त्याला कळत नाही. पण त्याला भूक लागली आहे, तो भ्याला आहे, त्याला कोणीतरी हवे आहे, एवढे तिला कळते. आणि तेवढे तिला पुरते. ती त्याला खाऊ घालते, सांभाळते, समजावते. तो थोर पंडित तिच्यात आपली आई पाहू लागतो.

मराठी बोलपटांत परभाषा बोलणारे पात्र बहुधा हसण्यासाठी आणलेले असते. त्याच्या उच्चारांची टिंगल करावी, प्रेक्षकांनी खो खो हसावे, की काम झाले! ‘अस्तु’मध्ये तसे नाही. येथे कानडी ही करुणेची भाषा होऊन आली आहे. ज्याला मराठीखेरीज काही कळत नाही असा प्रेक्षकही चन्नम्माचे बोलणे ऐकता ऐकता त्यातली माया ओळखतो.

आम्हा शहापूरकरांना हे अधिक जाणवावयास हवे. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला राज्यांची नवी रचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि तेव्हापासून भाषेचा प्रश्न आमच्या भागात धुमसतच आहे. तो वाद येथे काढावयाचा नाही. परंतु पाट्यांवर आणि सभांमध्ये ज्या दोन भाषा एकमेकींसमोर उभ्या राहतात, त्याच दोन भाषा आमच्या खडेबाजारात, हातमागाच्या आळीत, दवाखान्याच्या बाकावर शेजारी शेजारी बसतात, हे आम्ही रोज पाहतो. मराठी घरातील आजारी म्हातारीची वेणीफणी करणारी बाई कित्येकदा कानडी असते. कानडी घरातील बाळंतिणीला न्हाऊ घालणारी मावशी मराठी असते. एकमेकींची भाषा त्यांना अर्धीमुर्धीच येते. तरी काम अडत नाही, आणि मायाही अडत नाही. आपल्या रोजच्या जीवनातील ही गोष्ट एवढ्या सन्मानाने पडद्यावर आलेली पाहून आनंद वाटतो.

चन्नम्माची भूमिका अमृता सुभाष या अभिनेत्रीने केली आहे. तिचे बोलणे, बसणे, मुलाला कडेवर घेणे, सारे इतके सहज आहे की ही कोणी नटी आहे, याचा विसर पडतो. २०१३ सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत याच कामासाठी तिला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि उत्तम संवादांबद्दलचा पुरस्कार सुमित्रा भावे यांना मिळाला.

बोलपट कोणी केला?

शास्त्रीबुवांची भूमिका डॉक्टर मोहन आगाशे यांनी केली आहे. जुन्या नाट्यरसिकांना ते १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणीस म्हणून ठाऊक असतील. पण हे गृहस्थ नट आहेत तसेच मनोविकारांचे डॉक्टरही आहेत. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी हा विषय शिकविला. स्मृतिभ्रंश झालेली माणसे त्यांनी दवाखान्यात प्रत्यक्ष पाहिलेली. म्हणूनच त्यांच्या अभिनयात वेड्याचे सोंग कोठेही दिसत नाही. नजर क्षणभर हरवणे, ओठांवर आलेला शब्द न सापडणे, मग आपण काही विसरलो आहोत हे लपविण्यासाठी केलेले ते ओशाळे हसू! ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना ते हसू पाहताच ओळख पटेल. इराची भूमिका इरावती हर्षे यांची आहे. माधव झाले आहेत मिलिंद सोमण. आणि राही या दुसऱ्या मुलीच्या भूमिकेत देविका दफ्तरदार आहेत.

सुमित्रा भावे या मूळच्या समाजकार्याच्या अभ्यासक. झोपडपट्टीतील स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करताना त्यांना वाटले की, आपण लिहिलेले प्रबंध ज्यांच्याविषयी आहेत त्यांच्यापर्यंत कधी पोचणारच नाहीत. म्हणून त्या चित्रपटाकडे वळल्या. १९८५ सालच्या ‘बाई’ या लघुपटापासून त्यांचे हे काम सुरू झाले. पुढे सुनील सुकथनकर यांच्या साथीने त्यांनी ‘दोघी’, ‘देवराई’, ‘कासव’ असे अनेक चित्रपट केले. २००४ सालच्या ‘देवराई’त छिन्नमनस्कतेने ग्रासलेल्या तरुणाची कथा आहे, त्यातील नायकाचे काम करणारे अतुल कुलकर्णी यांचा जन्म आपल्या बेळगावचाच. मनाच्या औदासीन्यावरील ‘कासव’ला २०१६ सालचे सुवर्णकमळ मिळाले. सुमित्राबाईंचे १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यास निधन झाले. मनाच्या आजारांकडे मराठी माणसाने भयाने किंवा चेष्टेने न पाहता माणुसकीने पाहावे, यासाठी या बाईंनी जेवढे केले तेवढे फार थोड्यांनी केले असेल.

अशा बोलपटांच्या पाठीशी मोठे धनिक नसतात. ‘अस्तु’ तयार होऊनही चित्रपटगृहांत लागावयास २०१६ साल उजाडले, आणि त्यासाठीही लोकवर्गणीची मदत घ्यावी लागली. गाणी नाहीत, मारामाऱ्या नाहीत, ओळखीचा नायक नाही. मग असा खेळ कोण लावणार आणि किती दिवस लावणार? म्हणूनच हा बोलपट पुष्कळांच्या दृष्टीआड राहिला.

हा आजार आहे, हट्ट नव्हे

बोलपट पाहण्यापूर्वी या विकाराविषयी थोडे जाणून घेतलेले बरे.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरच्या इस्पितळात ऑगस्ट नावाची एक स्त्री दाखल झाली. वय अवघे ५१ वर्षांचे. तिला नुकत्याच घडलेल्या गोष्टी आठवत नसत, हातातील वस्तूचे नाव सांगता येत नसे, स्वतःचे नाव लिहिता लिहिता ती मधेच थांबे. अलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. १९०६ साली ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात त्यांना पेशींच्या भोवती साचलेले विचित्र थर आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले. म्हणजे ती बाई हट्टी नव्हती, खोटारडी नव्हती, तिला कोणी झपाटलेलेही नव्हते. तिच्या मेंदूचा एक एक भाग झिजत चालला होता. १९१० साली या विकाराला त्या डॉक्टरांचेच नाव देण्यात आले. स्मृतिभ्रंशाची इतरही कारणे आहेत. परंतु अल्झायमरचा विकार हे त्यांतील सर्वांत मोठे कारण होय.

नव्या आठवणी साठविण्याचे काम मेंदूच्या ज्या भागाकडे असते, त्यावर या विकाराचा घाला बहुधा आधी पडतो. म्हणून सकाळी जेवलो की नाही हे आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वीच्या गुरुजींचे नाव अचूक सांगता येते. घरच्यांना हे ढोंग वाटते. “जुने सगळे आठवते, मग आताचेच कसे आठवत नाही?” असे आपण विचारतो. त्याचे उत्तर हे आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढील दर १०० माणसांत ७ हून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. अशा रुग्णांची संख्या सुमारे ८८ लाख भरते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. तेव्हा हा शहरातील शिकल्यासवरलेल्यांचा आजार आहे, असे कोणी समजू नये.

भाषेची गोष्ट निघाली आहे म्हणून आणखी एक सांगतो. ‘अस्तु’ तयार झाला त्याच २०१३ साली हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेतील डॉक्टर सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरीने सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागला, असे त्यांना आढळले. निरक्षर माणसांतही हा फरक दिसला. सर्वच अभ्यासांचा निष्कर्ष असा नाही, आणि दोन भाषा येतात म्हणून आजार टळतो असेही नव्हे. तरीसुद्धा बाजारात कानडी, घरात मराठी आणि आजीशी कोंकणी बोलणाऱ्या आमच्या मुलांना ‘एकच काय ते बोला’ असे दरडावण्यापूर्वी आपण दोनदा विचार करावा.

कालचा माणूस आणि आजचा माणूस

आता या बोलपटाचे मर्म जे मला वाटते ते सांगतो.

जे इराला जड जाते, ते चन्नम्माला इतके सहज कसे साधते? इरा शिकलेली आहे, वडिलांवर तिचे प्रेम आहे, त्यांच्यासाठी ती जिवाचे रान करते. मग कमी कोठे पडते? कमी पडते ती येथे : इराला आपले वडील पूर्वी कोण होते हे ठाऊक आहे. त्यांच्या प्रत्येक चुकीशी तिला त्यांचे पूर्वीचे पांडित्य आठवते आणि काळीज तुटते. ती समोरच्या माणसात कालचा माणूस शोधीत राहते. चन्नम्माला त्यांचा काल ठाऊकच नाही. ते मोठे विद्वान होते की हमाल होते, याच्याशी तिला कर्तव्य नाही. तिच्यापुढे आहे तो आजचा, भुकेला, बावरलेला माणूस. त्याला ती आहे तसा पदरात घेते.

‘अस्तु’ या संस्कृत शब्दाचा अर्थ ‘असो, तसे होवो’ असा आहे. आपण मराठीत ‘असो’ म्हणतो, ते पुष्कळदा विषय टाळण्यासाठी. येथे तो शब्द स्वीकारासाठी आला आहे. आमचे वडील जसे होते तसे आता राहिले नाहीत. जसे आहेत तसे आमचेच आहेत. एवढे एक वाक्य मनापासून म्हणता आले, तर घरातील निम्मी भांडणे मिटतील. “आठवा पाहू, मी कोण?” अशी परीक्षा घेणे थांबेल. “आताच तर सांगितले होते!” हे शब्द कमी होतील. मुलाचे नाव विसरलेल्या आईलाही मुलाच्या हाताचा स्पर्श परका वाटत नाही. आवाजातील राग आणि आवाजातील माया यांतील भेद तिला दीर्घकाळ कळत राहतो. आठवण गेली म्हणजे माणूस गेला नव्हे. आईबापांचा मान राखण्याची जी चौथी आज्ञा आपण बालपणापासून पाठ म्हणतो, तीत ‘ते तुम्हांला ओळखीत असतील तोवर’ अशी अट घातलेली नाही.

परंतु येथेच एक गैरसमज होण्याचा संभव आहे. कोणी म्हणेल, “पाहा, अडाणी चन्नम्माला जमले आणि शिकलेल्या मुलींना जमले नाही!” असे म्हणणे अन्यायाचे होईल. चन्नम्माने म्हाताऱ्याला सांभाळले ते थोडा काळ. मुलींनी सांभाळले ते वर्षानुवर्षे. पाहुण्याची माया निराळी आणि रोजची शुश्रूषा निराळी. रात्री चार वेळा उठणे, अंथरूण धुणे, दार उघडे राहिले की काय म्हणून दचकून जागे होणे, स्वतःच्या मुलांच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष होते म्हणून झुरणे, हे ज्या सुनेने किंवा लेकीने केले आहे तिलाच त्याचे ओझे कळते. आपल्याकडे हे ओझे बहुतेक वेळा एकाच बाईच्या माथी पडते, आणि बाकीचे नातेवाईक रविवारी येऊन दोष काढून जातात. ‘अस्तु’मध्ये मुलींना खलनायिका केलेले नाही, हा त्याचा मोठा गुण. थकलेल्या माणसाला राग येतो, क्वचित नकोसे होते, मग त्या नकोसेपणाचीच टोचणी लागते, हे सारे त्यात सहानुभूतीने दाखविले आहे. अशा बाईला उपदेश नको असतो. आठवड्यातून एक दुपार कोणीतरी येऊन “तू जरा झोप, मी बसते” असे म्हणावयास हवे असते.

पाहताना

बोलपटात काही उणे नाही असे नव्हे. त्याची गती संथ आहे. घाईने पाहणाऱ्याला मधले काही प्रसंग लांबल्यासारखे वाटतील. शास्त्रीबुवांच्या तोंडी संस्कृत वचने आणि तत्त्वचर्चा पुष्कळ आहे. ती प्रत्येकाला सारखीच समजेल असे नाही. ती पुरती समजली नाही तरी बिघडत नाही. चन्नम्माला तरी ती कोठे समजली होती? कथा मागेपुढे जाते, म्हणून पहिली पंधरावीस मिनिटे लक्ष देऊन पाहावीत. पुढे वाट आपोआप सापडते. अगदी लहान मुले कंटाळतील. पण ज्या घरी आजी-आजोबा आहेत, त्या घरातील कळत्या मुलांनी तो अवश्य पाहावा.

एकट्याने पाहण्यापेक्षा चार कुटुंबांनी मिळून पाहिला तर अधिक बरे. डॉक्टर आगाशे स्वतः असे चित्रपट गावोगाव नेऊन दाखवितात आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांशी चर्चा करतात. तोच परिपाठ आपण ठेवावा. महिला मंडळाने, तरुणांच्या संघाने एखाद्या रविवारी सभागृहात हा बोलपट रीतसर मिळवून दाखवावा आणि दिवे लागल्यावर लोकांना लगेच उठू देऊ नये. एखादा डॉक्टर बोलवावा. कोणी एकाने धीर करून “आमच्याही घरी असेच आहे” असे म्हटले, की दुसरा बोलेल, तिसरा बोलेल. दाराआड ठेवलेले दुःख असे बाहेर आले म्हणजे निम्मे हलके होते.

घरी काय करावे?

या निमित्ताने चार उपयोगी गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली ही की, विसरणे वाढू लागले तर ‘वयच झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा, बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, मनाचे औदासीन्य, डोक्याला मार लागून साचलेले रक्त, यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपाय असतो. अल्झायमरचा विकार मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. तथापि काही औषधांनी लक्षणे काही काळ आटोक्यात ठेवता येतात. आमच्या भागातील लोकांना धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था जवळ पडते.

दुसरी गोष्ट, दिनक्रम ठरलेला ठेवावा. उठणे, स्नान, जेवण, फिरणे रोज त्याच वेळी. घरातील सामानाची जागा वारंवार बदलू नये. रात्री मंद दिवा असू द्यावा.

तिसरी, वाद घालू नये. “मला घरी न्या” असे म्हणाले तर “हेच घर” असे दहा वेळा पटविण्यापेक्षा, “चला, जरा फिरून येऊ” म्हणून अंगणात दोन फेऱ्या मारून परत आणावे. पुष्कळदा तेवढ्याने मन शांत होते.

चौथी, खिशात किंवा गळ्यात नाव, पत्ता आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी सदैव असावी. आमच्याकडे ती मराठी आणि कानडी दोन्ही लिप्यांत असावी. शास्त्रीबुवांच्या खिशात अशी चिठ्ठी असती तर? तसेच आपल्या आळीतील दुकानदार, रिक्षावाले यांना विश्वासात घेऊन सांगून ठेवावे. यात लाज कसली?

आणि शेवटची, सांभाळणाऱ्याने स्वतःला विसरू नये. मन फार खचले तर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलते. ज्येष्ठ नागरिकांच्या अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

दरवर्षी २१ सप्टेंबरला जगभर अल्झायमर दिन पाळतात. त्या सुमारास आपल्या गावात ‘अस्तु’चा एक खेळ व्हावा, अशी मनापासून सूचना आहे. करमणुकीचे बोलपट आपण वर्षभर पाहतो, आणि पाहावेतही. पण ज्या बोलपटाने पाहून आल्यावर माणूस आपल्या बापाच्या खोलीत जाऊन, काही न विचारता, थोडा वेळ त्याच्याजवळ बसतो, असा बोलपट आपल्या भाषेत निघालेला असताना तो न पाहता राहणे, हे आपलेच नुकसान होय.